राणी मंदारवतीचे खुराडे

एका राज्यात दुर्धर नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला सुवासाचे भारी वेड. मुली झाल्या, तर त्यांची नावेसुद्धा फुलांची ठेवली: केतकी, शेवंती आणि धाकटी जुई. नाक एवढे नाजूक, मन मात्र दगडाचे.

राजवाड्याच्या भिंतीलगत कर्दम नावाचा मांत्रिक कोंबड्या पाळून राहत असे. एकदा त्याच्या खुराड्याचा वास वाऱ्याबरोबर दरबारात आला आणि राजाने ते खुराडे मोडून टाकायला लावले. उघड्यावर पडलेल्या कोंबड्या घारींनी उचलल्या. कर्दम दरबारात आला. तो ओरडला नाही, रडला नाही. म्हणाला, "राजा, तुझ्या तिन्ही मुली कोंबड्या होतील. अंगणातला पांगारा फुलेपर्यंत त्यांना घरात सांभाळ. बाहेर माझी घार बसली आहे."

तत्क्षणी तिघी कोंबड्या झाल्या. केतकी तांबूस, शेवंती पांढरी आणि जुई करड्या रंगाची, अगदी मुठीएवढी. ध्वजाच्या काठीवर घार येऊन बसली.

राजाला दुःख झाले नाही असे नाही. पण दुःख ओसरत गेले आणि वास वाढत गेला. त्याने राणी मंदारवतीला बोलावून सांगितले, "मुलींना तुझ्या महालात ठेव. पण वास दरबारात आला, तर त्यांना अंगणात सोडावे लागेल."

"अंगणात घार आहे, महाराज."

"ते मला ठाऊक आहे."

आपण कोणाच्या गळ्यात माळ घातली, हे राणीला त्या दिवशी कळले. दास्या नाकाला पदर लावून केव्हाच पळाल्या होत्या. राणीने दारे लावली, खिडक्या लावल्या. कोंबड्या गालिचे उकरीत, पाण्याची भांडी लवंडीत. ओल्या गालिच्यांना असा उग्र दर्प सुटला की डोळे चुरचुरू लागले.

तेव्हा खिडकीच्या जाळीवर एक साळुंकी आली आणि माणसाच्या वाणीने बोलू लागली. त्या राज्यात याचे कोणाला नवल नव्हते.

"राणी, तीन कामे कर. गालिचे काढून भाताचे कोरडे तूस पसर, रोज खालीवर कर आणि ओले होईल तेवढे उचलून टाक. पाण्याचे भांडे विटेवर ठेव, म्हणजे लवंडणार नाही. आणि खिडक्या उघड."

"आणि घार?"

"जाळीतून वारा येतो, घार येत नाही."

राणीने दोन कामे केली. जिने कधी पळी उचलली नव्हती, ती भात कांडायच्या जागी गेली आणि तुसाची पोती स्वतः वाहून आली. रोज सकाळी पदर खोचून ती हातांनी तूस उलटेपालटे करी. पोरी हुशारल्या. जुई तर दुपारी आईच्या मांडीवर चढून झोपे. राणीचे हात वास मारीत, पण तिला त्याचे काही वाटेनासे झाले.

तिसरे काम मात्र राहिले. खिडक्या दरबाराकडे उघडत होत्या, आणि नेमका त्याच वाटेने वास गेला तर? भीतीपोटी तिने त्या महालात सगळे जन्मभर करीत आले तेच केले. तिने धूप जाळला आणि तुसावर केवड्याचे अत्तर शिंपडले. वाईट वास चांगल्या वासाने झाकायचा, एवढेच तिला माहेरी आणि सासरी शिकवले होते.

"वास झाकू नकोस," साळुंकी म्हणाली, "त्याला जाऊ दे."

राणीने जाळीवर जाड पडदा ओढला.

पुढे एके दिवशी परराज्याचे वकील दरबारात यायचे होते. आज वास येता कामा नये, असा राजाचा निरोप आला. राणीने दुप्पट धूप घातला. थोड्या वेळाने जुई मान ताणून चोच वासू लागली. तहान लागली असेल म्हणून राणीने तिला पाणी पाजले. जुईने आईच्या तळहातावर मान टाकली. तेव्हा कुठे राणीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने पडदा ओरबाडून काढला आणि खिडक्या सताड उघडल्या. केतकी आणि शेवंती वाऱ्याकडे धावल्या. जुई हलली नाही.

वाऱ्याने धूर नेला, तुसातली ओल नेली, आणि दरबारात कोणाच्या नाकाला काही कळलेसुद्धा नाही.

यथाकाळी पांगारा लालभडक फुलला. घार उडून गेली. केतकी आणि शेवंती पूर्ववत राजकन्या होऊन उभ्या राहिल्या. नगरात गुढ्या उभारल्या, साखर वाटली. राजाने दोघींना पोटाशी धरले आणि दोघी तरी वाचल्या, असे म्हणून तिसरीचा विषय संपवला. मग त्याने हुकूम सोडून महाल गुलाबपाण्याने धुऊन घेतला, नवे गालिचे अंथरवले आणि सायंकाळी स्वतः पाहायला आला.

राणी कोपऱ्यातला गालिचा दुमडून गुडघ्यांवर बसली होती. जुईच्या निजायच्या जागी तिने फरशीला नाक लावले होते.

राजाने समाधानाने दीर्घ श्वास घेतला. "आता कसलाच वास नाही."

"नाही, महाराज," राणी म्हणाली. "सकाळपासून शोधते आहे. कुठेच नाही."