पाटोळे गुरुजींचा दीड महिना

सलोमीचं बाळ नऊ दिवसांचं होतं आणि सकाळपासून दूध ओढत नव्हतं. डॉक्टरांनी ताबडतोब नगरला न्यायला सांगितलं. जीप यायला अर्धा तास होता. तेवढ्यात डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा व्हावा, वाटेत काही झालंच तर बाळ देवाचं होऊन जावं, म्हणून ती बाळाला छातीशी धरून चर्चमध्ये धावत आली.

चर्चचे पाळकसाहेब तयार झाले, पण तिथल्या मंडळीचे मुख्य पंच पाटोळे गुरुजी आडवे आले. त्यांचा शब्द गावात कोणी मोडत नसे.

"याचा बाप वर्षभर इथे फिरकला नाही. तूही फक्त नाताळला येतेस. हे दुखणं म्हणजे देवाने दिलेली शिक्षा आहे. बाप्तिस्मा हा आशीर्वाद आहे, बाई. त्यासाठी आधी देवाचं काही केलेलं असावं लागतं."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. बाळाचा श्वास घरघरत होता. सलोमीने विचारलं, "गुरुजी, तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्ही केवढे होता?"

"दीड महिन्याचा. याच चर्चमध्ये झाला," गुरुजी अभिमानाने म्हणाले.

"मग त्या दीड महिन्यात तुम्ही देवासाठी काय काय केलं होतंत, तेवढं सांगा. माझं बाळ जगलं, तर तेही करील."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. गुरुजींनी पाण्याचं भांडं स्वतः उचलून पाळकसाहेबांच्या हातात दिलं.

"करा साहेब, लवकर करा. मी जीपवाल्याला थांबवतो."

आणि सत्तरीचे गुरुजी दाराकडे धावले.