वाटीत न घातलेलं नाव

एका राज्यात दारंच दारं होती. भिंती थोड्या आणि दारं फार. एका दारातून पाऊल टाकलं की माणूस अत्तरबाजारात, दुसऱ्यातून टाकलं की ग्रंथशाळेत, तिसऱ्यातून टाकलं की तीन डोंगरांपलीकडच्या मावशीच्या अंगणात. घोडा नको, शिदोरी नको, पायाला धूळ नाही. ही दारं दर्पणनाथ नावाच्या मांत्रिकाने बांधली होती. राजा मणिध्वजाने त्याला विचारलं, "याचं मोल काय?" दर्पणनाथ म्हणाला, "काही नाही, महाराज. आपल्या प्रजेचा पाहुणचार करण्याची आज्ञा असावी." राजा भोळा होता असं त्याचे भाट सांगतात. मला विचाराल तर तो आळशी होता. त्याने न वाचता मुद्रा उमटवली.

पाहुणचार असा असे. दाराशी उभी असलेली द्वारपालिका साखरेने भरलेली चांदीची वाटी पुढे करी. आता वाटीचा रिवाज तुम्हाला सांगायला नको. शेजारणीकडून भरलेली वाटी आली तर ती रिकामी परत करायची नसते, चिमूटभर का होईना, काहीतरी घालूनच द्यायची असते. त्या राज्यातही तेच होतं. पण वाटेवरच्या माणसाजवळ असणार काय? तेव्हा द्वारपालिका गोड हसून म्हणे, "काही नसलं तरी मनातलं एखादं सांगा. तेवढंही पुरतं."

दाराच्या चौकटीवर एक लांबलचक पट गुंडाळून ठेवलेला असे. त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत सगळे नियम लिहिलेले होते आणि तळाशी हाताएवढ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'मान्य'. ज्याला मान्य नसेल त्याने दारामागच्या सत्तर पायऱ्या उतरून तळघराच्या खिडकीशी उभं राहावं आणि ती खिडकी फक्त ग्रहणाच्या दिवशी उघडेल, असंही त्यात कुठेतरी होतं म्हणे. वाचतो कोण? लोकांना कामं होती. ते साखर तोंडात टाकत, वाटीत एक गोष्ट सांगत आणि पलीकडे जात. चौकटीवर बसलेली साळुंकी ती गोष्ट चोचीत उचलून दर्पणनाथाच्या महालाकडे उडे.

प्रथम लोक खूश झाले. कुणी वाटीत सांगावं की मला आंबट आवडतं, तर दुसऱ्या दिवशी वाटेवर त्याच्यासाठी कैऱ्या घेऊन कुणीतरी उभं असे. न मागता मिळतंय म्हटल्यावर माणूस हुरळून जातोच.

त्या राज्यात कुमुदा नावाची एक रंगारीण होती. राजवाड्याची वस्त्रं ती रंगवी. तिचे हात कोपरापर्यंत निळे असत. तिचा नवरा पुष्कर हा राजाच्या गलबतावरचा तांडेल होता. तो पोवळी आणायला म्हणून समुद्रावर गेला आणि सात वर्षं झाली तरी परतला नाही. कुमुदा रोज सकाळी समुद्राच्या दाराशी जाई, गलबत आलं का म्हणून विचारी आणि परत येई. घरापासून समुद्रापर्यंत अकरा दारं होती. अकरा दारं म्हणजे रोज अकरा वाट्या.

सुरुवातीला तिने रंगांच्या गोष्टी सांगितल्या. नीळ किती दिवस भिजवायची, मंजिष्ठेला उकळी कशी आणायची. त्या संपल्या. मग माहेरच्या सांगितल्या, त्याही संपल्या. मग ती पुष्करच्या सांगू लागली, कारण तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं आणि समुद्रावर तर जायलाच हवं होतं. तो पागोटं डावीकडे कलतं बांधी. दोर सोडताना एक सूर गुणगुणे. गरम भातावर तूप घेताना डोळे मिटे. आपण त्याच्याचसाठी जातो आहोत, मग त्याचं थोडं खर्ची पडलं तर बिघडलं कुठे, असं तिला वाटे. माया माणसाला असा हिशेब शिकवते.

मग एके दिवशी अत्तरवाल्याने तिला पाहून तोच सूर गुणगुणला. बांगडीवाला कलतं पागोटं बांधून समोर आला. तूपवाला डोळे मिटून म्हणाला, "गरम भातावर घेऊन बघा, बाई." कुमुदा हातातलं टाकून घरी आली आणि दार लावून बसली. तिने पुष्करचा आवाज आठवून पाहिला, तर अत्तरवाल्याचा आवाज ऐकू आला. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यासारखं सगळं फिकं झालं होतं. ती पदराने तोंड झाकून पुष्कळ रडली.

एकच गोष्ट तिने कुठल्याही वाटीत घातली नव्हती. दोघंच असताना पुष्कर तिला एका नावाने हाक मारी. ते नाव ना सासूला ठाऊक होतं ना शेजारणीला.

दुसऱ्या सकाळी ती पहिल्या दाराशी गेली. वाटी हातात घेतली आणि थांबली.

"बाई, मागे लोक खोळंबलेत," द्वारपालिका म्हणाली.

"सांगायला काही उरलं नाही."

"एक आहे. ते तुमच्या ओठांवर दिसतंय."

कुमुदाने वाटी तशीच खाली ठेवली आणि मागे फिरली. नाव दिलं तर समुद्र गाठता येणार होता. राखलं तर गलबत आलं तरी तिला कळणार नव्हतं, कारण दारं झाल्यापासून समुद्राकडची पायवाट रानाने गिळली होती.

ती राजाकडे गेली. राजा म्हणाला, "मुद्रा माझीच आहे, ती मला मोडता येत नाही. माझ्या आईची अंगाई परवा मी एका कासाराच्या तोंडून ऐकली. तेव्हापासून मला झोप नाही." मग म्हणाला, "दर्पणनाथ वचनाचा पक्का आहे. त्याची तीन कामं जो करील, त्याची एक मागणी तो पुरवतो. अजून कुणाला जमलं नाही."

मांत्रिकाच्या महालाकडे एकही दार उघडत नसे. तिथे पायीच जावं लागे. कुमुदाने रंग कालवायची आपली तांब्याची वाटी आणि थोडे पोहे पदरात बांधले आणि ती निघाली. वेशीवर एक म्हातारी साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.

"तुझ्या घरच्या गोष्टी मीच वाहून नेल्या," साळुंकी म्हणाली. "फार जड होत्या. वाट मी दाखवते."

चौथ्या दिवशी दुपारी महाल आला. दर्पणनाथाला स्वतःचा चेहरा नव्हता. जो समोर उभा राही त्याचाच चेहरा त्याच्या मानेवर दिसे. कुमुदाला आपलंच तोंड आपल्याशी बोलताना दिसलं.

"तीन कामं," तो म्हणाला. "एक जरी चुकलं तरी ते नाव माझ्या वाटीत घालायचं."

"आधी काम ऐकू द्या, मग कबूल."

दर्पणनाथ चमकला. आजवर कुणी आधी ऐकायला मागितलं नव्हतं.

पहिलं काम होतं दारावरचा पट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, एकही ओळ न गाळता. पट उलगडला तर महालाच्या सात दालनांतून तो बाहेर अंगणात गेला. पण जी बाई एका शेल्याला चाळीस वेळा रंगात बुडवते, तिला चिकाटी शिकवायला नको. कुमुदा जमिनीवर मांडी घालून बसली. तीन महिने ती वाचत राहिली. ज्या दालनात वाचणाऱ्याचे डोळे हमखास मिटावेत अशा चौथ्या दालनात, दोन कंटाळवाण्या नियमांच्या मध्ये, तिला एक ओळ सापडली. 'वाटीचा रिवाज पट लिहिणाऱ्यालाही लागू आहे, आणि वाटी परत करताना त्याने तीत स्वतःचंच काही घालावं.' मंत्र एकाच बाजूने बांधला तर उभा राहत नाही. म्हणून दर्पणनाथाला ती ओळ लिहिणं भाग पडलं होतं. कुमुदाने ती दोनदा वाचली, मनात ठेवली आणि पुढची ओळ घेतली.

दुसरं काम होतं महालामागची बाजारपेठ ओलांडायची, कशालाही 'हो' न म्हणता. त्या बाजारात माणसाला हवं तेच मांडलेलं असे. कुमुदा पेठेत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना गलबतं उभी होती आणि प्रत्येकावरून पोवळी उतरत होती. शेवटच्या गलबतावरून पुष्कर उतरला. तसाच तरुण, तसंच कलतं पागोटं, ओठांवर तोच सूर.

"कुमुदा," तो म्हणाला, "घरी जाऊ या? भात गरम असेल."

सात वर्षं ज्याची वाट पाहून तिचा जीव कंठाशी आला होता, तो तिच्या समोर उभा होता. तिचे पाय थांबले. हात पुढे झाला. खोटा असला तरी काय झालं, असा विचार तिच्या मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला होता, आणि बराच वेळ राहिला होता.

"मला हाक मारा," ती म्हणाली.

"कुमुदा."

"तशी नाही. आपली."

"कुमू. कुमुदिनी. प्रिये. राणी." त्याने जगातली सगळी लाडाची नावं घेतली. एक सोडून सगळी.

कुमुदाने हात मागे घेतला आणि ती चालू लागली. तो मागून गुणगुणत राहिला. पेठ संपेपर्यंत तो सूर तिच्या पाठीशी होता आणि तिने मान वळवली नाही. पलीकडे पोचल्यावर ती एका दगडावर बसली.

तिसरं काम दर्पणनाथाने हसत सांगितलं, "माझ्याजवळ नाही असं काही वाटीत घालून मला दे."

त्याच्या महालात लाखो रांजण होते. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं आणि आत त्या माणसाचं सगळं होतं. आवडीनिवडी, भीती, पहिलं प्रेम, आईची अंगाई. कुमुदाच्या रांजणात एकाच गोष्टीची जागा रिकामी होती. ती कुठली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"वाटी माझी घेते," कुमुदा म्हणाली.

"कुणाचीही घे," दर्पणनाथ म्हणाला. त्याला घाई झाली होती. घाईत माणूस जशी चूक करतो तशीच मांत्रिकही करतो.

कुमुदाने तांब्याची वाटी तोंडाजवळ नेली. ते नाव तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं आणि वाटीत स्पष्ट म्हणाली, "नाही."

वाटी घणघणली. दर्पणनाथ रांजणांकडे धावला. त्याने एकेक झाकण उघडून पाहिलं. 'मान्य' होतं, 'बरं' होतं, 'चालेल', 'असू दे', 'घ्या बापडे' हेही होतं. 'नाही' कुठेच नव्हतं, कारण ते त्याला कुणी कधी दिलंच नव्हतं.

"तिसरं काम झालं," तो अखेर म्हणाला. "मागणी सांग."

"माझी वाटी परत करा. रिकामी परत करू नका."

दर्पणनाथाने एका रांजणात हात घातला. तो एका कुंभाराचा निघाला. दुसऱ्यात घातला, तो राजाचा निघाला. संध्याकाळ होईपर्यंत तो स्वतःची म्हणता येईल अशी एक गोष्ट शोधत होता, एखादा रंग, एखादा पदार्थ, कुणाची तरी आठवण. त्याच्याजवळ काही नव्हतं. जन्मभर त्याने दुसऱ्यांचंच जमवलं होतं. वाटी त्याच्या हातात रिकामी राहिली आणि त्याचाच मंत्र त्याच्यावर उलटला. सगळ्या रांजणांची झाकणं एकदम उडाली. हजारो साळुंक्या आल्या आणि ज्याचं त्याला नेऊन देऊ लागल्या. दर्पणनाथाच्या मानेवर प्रथमच त्याचा स्वतःचा चेहरा दिसला. तो एका साध्या, थकलेल्या म्हाताऱ्याचा होता. तो वाटीकडे बघत रडू लागला.

"हे रडणं तुमचंच आहे," कुमुदा म्हणाली. "तेवढं घाला." एक थेंब वाटीत पडला, आणि ती वाटी घेऊन निघाली.

राजाने नवा पट लिहवला. तो चार ओळींचा होता. साखर हवी त्याने घ्यावी, नको त्याने 'नको' म्हणावं, दार दोघांनाही उघडेल. फक्त दारं आता आपोआप उघडत नाहीत. ती लोकांच्या मनातल्या गोष्टींवर चालत होती, तो दाणागोटा बंद झाला. आता ती खांदा लावून ढकलावी लागतात, आणि वर्षातला एक दिवस प्रत्येकाने बिजागऱ्यांना तेल घालायला यावं लागतं. काही जण कुरकुरतात. पूर्वी किती सोपं होतं म्हणतात.

कुमुदाला पुष्करचा आवाज परत मिळाला, सूर मिळाला, मिटलेले डोळे मिळाले. त्याबरोबर दुःखही पहिल्यासारखं ताजं झालं. ती रोज अकरा जड दारं ढकलून समुद्रावर जाई, गलबत आलं का विचारी आणि वाळूत बसे. असे तीन पावसाळे गेले. कुणी तिला तूप दाखवलं नाही, कुणी तिच्यासमोर गुणगुणलं नाही. ती वाट बघत होती आणि ते वाट बघणं तिचं एकटीचं होतं.

चौथ्या वर्षी आश्विनात एक फुटका पडाव किनाऱ्याला लागला. त्यातून पाचसहा माणसं उतरली. सगळ्यात शेवटी एक लंगडा, पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. त्याच्या डोक्याला पागोटं नव्हतं. एक सुरी कधीतरी घशावरून गेली होती, त्यामुळे आवाज घोगरा झाला होता. किनाऱ्यावरच्या कुणीही त्याला ओळखलं नाही. कुमुदानेही एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा पाण्याकडे वळवली.

तो तिच्या मागे येऊन थांबला आणि त्या घोगऱ्या आवाजात त्याने हळूच एक हाक मारली.

कुमुदा उठली. तिने वळून त्याचा चेहरा आपल्या निळ्या हातांत धरला.

हाक काय होती, ते ऐकायला तिथे साळुंकीही नव्हती. मला ती ठाऊक नाही, आणि मी विचारायलाही गेलो नाही.