लालीचा शेजार

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी, शैलवती नगरात भद्रसाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मला होता. नाव उत्पल. राजाची सफरचंदांची बाग तो सांभाळी.

बागेत चार जाती होत्या. श्रावणी सगळ्यांच्या आधी पिके, पण आठ दिवसांत भुसभुशीत होई. आंबटी हिरवीगार, मिठाशी खायची. लाली दिसायला देखणी नि साखरेसारखी गोड. आणि शेवटची खापरी, खापराच्या तुकड्यासारखी खरखरीत. झाडावरून काढली तेव्हा दगड. पण पेंढ्यात घालून ठेवली की माघात अशी मुरे, की बोळक्या तोंडानंही खावी.

राजाचा वाटा काढला की फाटक गावाला उघडं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं फळ काढायचं. उत्पल एवढंच सांगे, "तळहातावर घ्या, वर उचला, जरा वळवा. निघालं तर तुमचं. नाही निघालं तर अजून झाडाचं."

खेमा नावाची म्हातारी होती, तिचे गुडघे गेलेले. तिला बागेपर्यंत येववेना, म्हणून उत्पलनं तिच्या परसातल्या झाडावर श्रावणी, आंबटी आणि खापरी अशी तिन्ही कलमं बांधून दिली होती. म्हणाला, "आजी, बागच तुझ्याकडं आली."

पुढं राजानं रोहक नावाचा नवा उद्यानपाल नेमला. राजाला लाली आवडते हे त्यानं हेरलं. भर दरबारात म्हणाला, "महाराज, बाकीची झाडं जागा अडवून बसलीत. सगळी तोडू. आणि फाटक बंद करू, येणारेजाणारे लाली हाताळून डागाळतात."

उत्पल म्हणाला, "महाराज, लाली एकटी फळत नाही. तिला दुसऱ्या जातीचा शेजार लागतो. डोंगरावर एक एकटी लाली आहे. माझ्या वडिलांनी पाहिली, मी पाहतो. दर वसंतात फुलते, फळ एक नाही."

रोहक हसला. "झाडाला शेजार? मग माळीबुवा, मांडव घालून लग्नच लावा की!"

दरबार खदखदला. त्या हशानं रोहक चढला, म्हणाला, "शरदात लालीच्या फांद्या फळांनी वाकल्या नाहीत तर माझं डोकं उडवा!"

राजा म्हणाला, "रोहका, इथं बोललेला शब्द परत घेता येत नाही."

पौषात कुऱ्हाडी चालल्या. तिन्ही जाती भुईला मिळाल्या. फाटकाला अडसर पडला.

वसंतात लाली फुलली. मधमाश्या आल्या, या झाडावरून त्या झाडावर गेल्या, पण लालीचाच पराग लालीला देऊन काय होणार? उत्पलच्या ते तेव्हाच ध्यानात आलं. त्याची बायको मेनका म्हणाली, "तुम्ही आता गप्प बसा. शरदात झाडंच बोलतील. तो जाईल, फाटक उघडेल."

"फाटक उघडेल गं," उत्पल म्हणाला, "पण त्यातून आत जाताना मला त्याचं डोकं ओलांडावं लागेल."

तो उठला नि खेमाकडं गेला. तिचं झाड फुलांनी पांढरं झालं होतं. त्यानं फांद्या मागितल्या.

"त्या रोहकासाठी?" खेमा म्हणाली. "त्याचं डोकं असून तरी काय उपयोगाचं? माझ्या फांद्या मात्र उपयोगाच्या आहेत."

"आजी, यंदा तुला फळ कमी मिळेल."

"ते कळतंय मला. आण ती कोयती, मी दाखवते कुठली कापायची. तुझ्या हाती दिली तर बोडकं करशील झाडाला."

उत्पलनं मडक्यांत पाणी भरलं, फुललेल्या फांद्या त्यांत खोवल्या आणि मडकी लालीच्या झाडांना टांगली. रोहक धावत आला. "हे काय चेटूक मांडलंस?"

"पाणी आहे आणि फुलं आहेत, स्वामी. लालीला शेजार हवा होता, तो आणलाय. मडकी उतरवाल तर तुमचा शब्द खोटा पडेल."

रोहकाचा हात मडक्यापर्यंत गेला, नि तसाच खाली आला.

शरदात लालीच्या फांद्या जमिनीला टेकल्या. राजा आला, खूश झाला, गळ्यातला हार काढून रोहकाच्या गळ्यात घातला. "माळी चुकला, तू जिंकलास."

रोहकानं समोरचं एक फळ तळहातावर घेतलं, वर उचललं, वळवलं. ते अलगद निघालं. तो त्या फळाकडं बघतच राहिला. मग हार काढून त्यानं उत्पलच्या पायाशी ठेवला.

"महाराज, हे फळ माझं नाही. चुकलो मी. या माळ्यानं शेजार आणून टांगला म्हणून झाडं फळली. माझं डोकं घ्या."

राजाची मूठ तलवारीवर गेली. उत्पल मध्ये आला. "महाराज, शब्द फांद्या वाकण्याचा होता. फांद्या वाकल्यात. बघा ना."

राजानं फांद्यांकडं पाहिलं आणि मूठ सोडली. त्या हिवाळ्यात खेमाच्या झाडावरून काड्या आणून बागेत पुन्हा तिन्ही जातींची कलमं बांधली गेली. काड्या डोक्यावरून वाहिल्या रोहकानं. आणि फाटकाचा अडसर काढला तोही त्यानंच.

तथागतांनी ही कथा सांगून जन्मांची जुळणी केली. तेव्हाचा राजा तो आताचा शिष्य आनंद. खेमा म्हणजे ओंजळभर असलं तरी अर्धं देणारी ती वृद्ध उपासिका. रोहक म्हणजे जन्मोजन्मी वैर करणारा देवदत्त असेल असं तुम्हाला वाटलं असेल, पण नाही बरं! तो आज विहाराचं दार सगळ्यांच्या आधी उठून उघडणारा भिक्खू आहे. आणि उत्पल माळी ते स्वतः तथागतच. हसणाऱ्याच्याही झाडाला फळ यावं म्हणून जो फुलं वाहून नेतो, त्याची ती मैत्री पारमिता.