मागे बघणारा वुकाशिन

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सर्बियात तेव्हा बायका रेडिओवर हाताने विणलेलं झाकण घालत, आणि मॅच लागली की ते झाकण काढायचा मान घरातल्या म्हाताऱ्याचा असे. मोरावा नदीच्या काठी मोक्रेवो नावाचं गाव होतं. गाव आणि नदी यांच्यामध्ये मोठी पाणथळ, पाणथळीतून जाणारा एक अरुंद बांध, आणि बांधाच्या टोकाला नदीकाठचं कोरडं कुरण. बांधावर माणसं एकामागे एकच चालू शकत. दोन्ही बाजूंना चिखल असा, की बैल गेला तर शिंगंसुद्धा दिसायची नाहीत.

त्या पाणथळीत 'मागचा' राहतो, असं म्हणतात. शहाण्यांनी खुशाल हसावं, माझी ना नाही. फक्त धुक्यात त्या बांधावर उभं राहून हसावं. धुकं उतरलं की मागचा येतो आणि आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो. वळून पाहिलं की कारभार आटोपला. म्हणून मोक्रेवोत पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हेच शिकवत: धुक्यात मागे बघायचं नाही आणि हाकेला ओ द्यायची नाही.

त्या गावात स्तामेना नावाची बाई होती. एकदा लव्हाळे कापून सगळे बांधावरून परतत होते. तिचा नवरा राडोये रांगेत शेवटी, त्याच्या पुढे स्तामेना, आणि तिच्या खांद्यावर तान्हा वुकाशिन. वूक म्हणजे लांडगा. लांडग्याचं नाव असलं की वाईटसाईट पोराच्या वाटेला जात नाही, म्हणून ते नाव ठेवलेलं. बघता बघता धुकं दाटलं, आणि मागून हाक आली, "स्तामेना!" आवाज थेट राडोयेचा. तिने पोराला छातीशी आवळलं आणि शिकवलं होतं तेच केलं, वळली नाही. पुन्हा हाक आली, मग थांबली. गावात पोचून पाहतात तो राडोये नाही. मागच्याने नेला, असं गाव म्हणालं. पण खांद्यावरचं पोर सगळा वेळ मागे बघत होतं.

तेव्हापासून वुकाशिनची मान सारखी मागे वळायची. नदीकाठच्या कुरणावर पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत, आणि चेंडू पायाशी यायच्या आधी हा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मागे बघून घेई. स्तामेना त्याला बडव बडव बडवी. "एक गेला ते पुरे नाही का रे मेल्या?" म्हणे, आणि मग त्यालाच कुशीत घेऊन रडे. शहरातून खेळाडू शोधायला आलेल्या माणसाने मात्र त्याला विचारलं, हे कोणी शिकवलं? पोरगं म्हणालं, "कोणी नाही. मागे कोण आहे ते कळल्याशिवाय पुढे कोणाला द्यायचं ते कसं कळणार?" त्या माणसाने त्याला त्याच दिवशी उचललं.

पुढे वुकाशिन बेलग्रेडला गेला, मैदानाच्या मधोमध खेळू लागला, देशाचा शर्ट त्याच्या अंगावर आला, परदेशातल्या क्लबांनी त्याला नेलं. एका सामन्यात इतकं धुकं होतं की गोलकीपरला आपलाच गोल दिसेना. वुकाशिनने एकदा मागे पाहिलं आणि कोणाच्याच नजरेत नसलेल्या माणसाच्या पायात चेंडू दिला, असं म्हणतात. लोक नाचले. स्तामेनाने मात्र कान झाकून घेतले. रेडिओवरचा निवेदक दर वेळी कौतुकाने सांगे, 'वुकाशिनने मागे वळून पाहिलं', आणि दर वेळी ती पुन्हा कान झाकी. मुलाची कीर्ती तिने अशी जीव मुठीत धरून ऐकली.

शेवटी गुडघ्याने दगा दिला. वुकाशिन खेळ सोडून घरी आला आणि त्याच कुरणावर गावातल्या मुलांना शिकवू लागला. एका दुपारी स्तामेना त्याचा कोट घेऊन कुरणावर गेली, आणि धुकं उतरलं. वरच्या अंगाला पाऊस झालेला. नदी कुरणात शिरू लागली. थांबायची सोय नव्हती. बांध स्तामेनाच्या पायाखालचा, म्हणून ती पुढे झाली, मुलांनी एकमेकांचे शर्ट धरले, आणि जन्मभर मधे खेळलेला वुकाशिन त्या दिवशी शेवटी राहिला.

"आज तरी मागे बघू नकोस," ती म्हणाली.

"आज माझ्या मागे कोणी नाही, आई," तो म्हणाला.

अर्धा बांध झाला असेल. मागून हाक आली, "आई!"

मुलांनी हातातले शर्ट आणखी घट्ट आवळले. तिच्या पाठीशी असलेली येलित्सा नावाची पोरगी कुजबुजली, "आजी, वळू नका. तो मागचा आहे." पुन्हा हाक आली, या वेळी चिरकी, दमलेली. वळावं तर मरण, आणि न वळावं तर? असा आवाज तिने पूर्वी एकदा ऐकला होता, आणि त्यानंतरची एकही रात्र ती धड झोपली नव्हती.

ती वळली.

गुडघा मुडपून वुकाशिन बांधावरून घसरला होता आणि छातीपर्यंत चिखलात रुतला होता. मुलांना धरत धरत मागे जाऊन तिने त्यांना शर्ट काढायला लावले, एकाला एक बांधून त्याच्याकडे फेकले, आणि सगळ्यांनी मिळून त्याला ओढून काढला. तिथे दुसरं कोणीच नव्हतं.

पोरगा पायाशी धापा टाकत पडलेला, पण स्तामेना त्याच्याकडे बघत नव्हती. ती धुक्याकडे बघत होती. "म्हणजे तेव्हाही हाक तुझ्या बापाचीच होती रे," ती म्हणाली. आणि मग त्या म्हातारीने, जन्मात पहिल्यांदा, पाणथळीकडे तोंड करून नवऱ्याला नावाने हाक मारली. ती हाक गावाच्या चर्चपर्यंत ऐकू गेली, असं म्हणतात.

मोक्रेवोत आजही धुकं उतरलं की मुलं चेंडू थांबवतात आणि बांधावर रांग धरतात. पुढचा मागे वळतो, सगळ्यात शेवटच्याला नावाने हाक मारतो, आणि ओ आल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. त्याला 'वुकाशिनची हाक' म्हणतात. नंतर सगळे मिळून आणखी एक हाक देतात, राडोयेच्या नावाने. तिला आजवर ओ आलेली नाही. कोणाला ती यावीशी वाटते आणि कोणाला नाही, हे विचारू नये. पण आली, तर सगळ्यांनी वळायचं, एवढं ठरलेलं आहे.