जागचं न हलता लढलेलं विमान

“हे धूड फोडा आणि मुदपाकखान्यात सरपणाला धाडा!” शस्त्रशाळा पाहायला आलेले राजे मानाजीराव गरजले.

धूड म्हणजे विमान. शेजारच्या राजावर आभाळातून चाल करायची म्हणून राजांनीच हौसेनं करवून घेतलेलं. टेकडीवरून सोडलं, ते नाकावर आपटलं. तेवढ्यात शेजाऱ्याशी तह झाला आणि पुढचं काम बंद. तेव्हापासून बिचारं कोपऱ्यात उभं होतं. आज राजांच्या डोळ्यांत खुपलं. राजांची लहर, दुसरं काय!

शस्त्रं पुसणारी येसू पुढं झाली. “महाराज, माझ्या बापानं यात आयुष्य घातलं. तो गेला. त्याच्या हातचं आता एवढंच उरलंय, राहू द्या.”

“इथं लढाई जिंकलेली शस्त्रंच राहतात,” राजे म्हणाले. “उद्या खंडेनवमी. पूजेआधी यानं एक लढाई जिंकावी, तीही जागचं न हलता. मग ठेवतो.”

येसू म्हणाली, “बरं महाराज.”

त्या दिवसांत गुणाजी मिस्त्री नावाचा एक बोलबच्चन दरबारात मुक्काम ठोकून होता. नवं विमान करून देतो म्हणत त्यानं राजांना पार घोळात घेतलं होतं. पूजा झाली की खजिन्याचं दार त्याच्यासाठी उघडणार होतं.

सकाळी राजे त्याला घेऊनच शस्त्रशाळेत आले. येसूनं विमानावर चादर टाकून ठेवली होती.

“मिस्त्रीकाका, तुमच्या विमानाचा सांगाडा कशाचा हो?”

“अस्सल सागाचा.”

“आणि पंख?”

“रेशमाचे.”

“शेपूट?”

“शेपूट कशाला? विमान आहे ते, बैल नव्हे.”

येसूनं चादर ओढली. “सागाचा सांगाडा, रेशमाचे पंख, शेपूट नाही. आणि हे चेचलेलं नाक. तुमचं असंच आपटलं तर?”

“माझं... माझं नाही आपटणार.”

“मग प्रश्नच मिटला. महाराज, पहिल्या उड्डाणाला काकांनाच बसवा.”

“बरोबर आहे,” राजे म्हणाले. “काय मिस्त्री, बसणार ना?”

मिस्त्रीला एकाएकी गावाकडच्या म्हातारीची आठवण झाली. पागोटं सावरत जो सटकला, तो वेशीपाशीही थांबला नाही.

“महाराज,” येसू म्हणाली, “खजिन्यावर चालून आलेला गडी पळाला आणि विमान जागचं हललंसुद्धा नाही. आता याला लढाई म्हणायचं की नाही, तुम्हीच सांगा.”

राजे पोट धरधरून हसले. त्यांनी स्वतःच्या हातानं विमानाला हार घातला, येसूला शस्त्रशाळेची कारभारीण केलं आणि दरवानाला बजावलं, “यापुढं कुणी नवं यंत्र घेऊन आला, तर माझ्याकडे नको. आधी हिच्याकडे धाड!”