बाळंतिणीची खोली

हा बेहडा बघा. चौघांच्या कवेत मावत नाही, आणि वर खोडात ती ढोली. तिला आम्ही बाळंतिणीची खोली म्हणतो. फोटो काढा, पण जरा लांबून. आणि हसू नका. मी या राईचा गुरव, ऐंशीचा झालो, मला त्या नावाचं अजून हसू येत नाही.

फार पूर्वी आमच्या गावात रवळू नावाचा शिकारी होता म्हणे. त्याची बायको सुभद्रा बाळंत झाली, मुलगी झाली, पण हिची कंबर अशी धरली की उठवेना. ककणेराचं तेल चोळ, असं कुणीतरी सांगितलं. ककणेर म्हणजे तुमचा धनेश, मोठ्या चोचीचा. रवळूला तो शोधावाही लागला नाही. एक नर रोज याच बेहड्यावर यायचा आणि खोडातल्या बारीक फटीतून एकामागून एक उंबर आत सारायचा. "खुळो मेलो, झाडाक भरवता!" म्हणून रवळू पोट धरून हसला आणि त्याने बाण सोडला.

तेल लागू पडलं, असं सांगतात. सुभद्रा उठून बसली. आठ-दहा दिवसांनी मुलीचं बारसं ठरलं आणि पाळण्याच्या लाकडासाठी रवळू कुऱ्हाड घेऊन इथेच आला. दोन घाव बसले न बसले, तोच वरून मातीचं लिंपण खाली कोसळलं. हे काय म्हणून तो वर चढला.

आत मादी मेलेली होती. पंखांची पिसं झडलेली, चोच फटीच्या दिशेला तशीच. पोटाखाली दोन पिल्लं, वाळून गेलेली. अंडी घालताना ककणेराची मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि नर भरवेल तेवढंच खाते. एवढी शिकार केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं! मला तर हे सांगताना दरवेळी धक्का बसतो.

रवळू घरी आला आणि त्याने सगळं सांगितलं. सुभद्रेने आपल्याच हाताचा वास घेतला आणि ती किंचाळली, "माझ्या कमरेसाठी बाळंतिणीचो घोव मारलंस तू?" मग राखेने अंग घासत सुटली, रक्त आलं तरी थांबेना. त्या दिवशी बारसं झालं नाही. पुन्हा कुऱ्हाड उचलण्याआधी रवळूने देवासमोर एक शपथ घेतली, ती पुढे साऱ्या गावाने उचलली.

आजही आमच्याकडे झाड तोडण्याआधी खोडावर थाप मारून विचारतात, "आत कोण असा काय गे?" उत्तर कधीच येत नाही. भ्यालेली बाळंतीण गप्पच बसते. म्हणून विचारणाऱ्याने सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत समोर बसायचं आणि कुणी घास घेऊन येतं का ते बघायचं.

गेल्या चैत्रात मी माझ्या अंगणातल्या म्हाताऱ्या फणसाला विचारलं. घराला वासे हवे होते. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मी कंटाळून उठलो, कुऱ्हाड हातात घेतली. तेवढ्यात तो चोचीत उंबर धरून आला.

तुम्हाला सांगतो, कुऱ्हाड खाली ठेवून मी तिन्हीसांजेपर्यंत तिथेच समोर बसलो.