दुपारी फुलणारा पारिजातक

‘फुलवेडे’ या मराठी साइटचे मालक रणदिवे मिशीला पीळ देत गरजले, “एका रात्रीत पाच हजार सभासद आले आणि तू त्यांना खोटे म्हणतेस? सिद्ध कर, नाहीतर घरी बस!”

सभासद तपासणारी वैजयंती खिडकीबाहेर पाहत राहिली. झाडाच्या झोपेतून निसटावीत तशी पारिजातकाची फुलं अलगद गळत होती. स्वप्नात असल्यासारखं तिनं साइटवर लिहिलं, “माझा पारिजातक भर दुपारी फुलतो.”

जुने सभासद तुटून पडले. “अहो ताई, तो रात्री फुलतो! शुद्धीवर आहात ना?”

नवे मात्र एकसुरात म्हणाले, “खूप छान माहिती!”

“बघ, किती गोड माणसं!” रणदिवे हरखले.

“साहेब, चूक दिसूनही वाद न घालणारा एक तरी मराठी माणूस दाखवा.”

रणदिवे वाद घालायला सरसावले, आणि मधेच ओशाळून गप्प झाले.